ऐकत बसणारा दिलीप

शुक्रवारी दुपारी दिलीपच्या नंबरवरून फोन आला. "चढलास का रे घाट?" मी विचारलं. पलीकडे कुणी बाई होती. ती रशियन बोलत होती, मधेच थांबत, रडत... त्यातलं मला 'दिलीप' एवढंच कळलं. बऱ्याच वेळाने तिने फोन शेजारच्या शिक्षिकेला दिला. तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तुमचा मित्र आमच्या गावी सायकलवरून आला, या आजींकडे चहाला थांबला आणि बसल्या जागीच गेला.

दिलीप इथे कुवेतमध्ये, अर्दियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. खैतानमध्ये आमच्या खोल्या शेजारी शेजारी. वर्षाच्या रजेत तो पंधरा दिवस साताऱ्याला घरी, वहिनी आणि लेक जुईकडे जायचा आणि उरलेले पंधरा दिवस सायकलवर... जॉर्जिया, कझाकस्तान, या वेळी किरगिझस्तान. वहिनींना हे कधी पटलं नाही. कामचलाऊ रशियन तो मोबाइलवरून शिकला होता. एकदा मीही त्याच्याबरोबर उझबेकिस्तानात गेलो. रस्त्याकडेच्या बाकावर एक म्हातारा भेटला. दिलीप मधे मधे मला मराठीत सांगत होता: सोव्हिएत काळात तो सूतगिरणीत होता. देश मोडला, गिरणी बंद पडली, मुलगा मजुरीला रशियात गेला तो परत आलाच नाही. ऊन उतरायला लागलं तरी त्याचं सांगणं संपेना. मी म्हटलं, "चल, उजेडात मुक्काम गाठू." दिलीप म्हणाला, "थांब. त्यांचं सांगून होऊ दे. आपण गेल्यावर ते कुणाला सांगणार?" वाटेत मी विचारलं, "आणि तुझं तू कुणाला सांगतोस?" तो हसला आणि पुढे निघून गेला. मीही पुन्हा विचारलं नाही.

तो गेला तेव्हा माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणाला गेला होता आणि पासपोर्ट कंपनीकडे होता. मला कुठेच जाता येईना. रोज फोन फिरवायचो, एक कचेरी दुसरीकडे पाठवायची. शेवटी त्याला परस्पर साताऱ्याला नेलं. अंत्यविधी मी व्हिडिओ कॉलवर पाहिला, तोही मधे मधे अडकत...

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावोजी, त्यांचा आवाज कुठे असेल तर पाठवा. जुईला ऐकायचाय. माझ्याकडे नुसते फोटो आहेत." त्याच्या खोलीतल्या लॅपटॉपवर सगळ्या प्रवासांची रेकॉर्डिंग्ज सापडली. ड्युटीवरून आलो की मी ती ऐकत बसायचो. भाषा समजत नव्हती, त्याने फाइलींना दिलेल्या नावांवरून माणसं ओळखायचो: ट्रकवाले, विधवा बायका, निवृत्त मास्तर, सगळे भरभरून बोललेले. दिलीप सुरुवातीला रशियनमध्ये एखादा प्रश्न विचारतो आणि मग नुसता "हं... हं..." म्हणत राहतो. मराठीत एक वाक्य नाही. स्वतःबद्दल तर काहीच नाही. शेवटी एका जागी समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला होता, मागे वारा वाहत होता, आणि दिलीपचं एकट्याचं "हं" होतं. तेवढंच कापून पाठवलं.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"जुई शाळेतून आली की ते लावते," त्या म्हणाल्या. "दिवसभराचं बाबांना सांगत बसते. मधे मधे पुन्हा लावते, पुढचं सांगते. तास तास चालतं भावोजी. थांबवू का हो तिला?"

"नको," मी म्हटलं. "तिचं सांगून होऊ दे."