अकरा नाले, एकच आकडा

बस अड्ड्यावरून पकडून आणलेल्या माणसाच्या पिशवीतल्या चार बाटल्या ठाण्याच्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. तीन बाटल्यांच्या तळाशी तपकिरी गाळ होता, चौथीत पांढरा. नोकरीत मी नाना तऱ्हेचा मुद्देमाल पाहिला. त्या सकाळचं ते टेबल मात्र विसरलेलो नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. केंद्रशासित प्रदेशांच्या केडरमध्ये निवड झाली आणि पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात सहायक पोलीस अधीक्षक म्हणून चंदीगडला रुजू झालो. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांचे नाके होते, बेवारस पिशवी दिसली की रस्ता रिकामा व्हायचा. रोजच्या हजेरीला आम्ही शिपायांना एकच गोष्ट बजावायचो, की ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी, कशालाही हात लावायचा नाही.

खबर एका मंगळवारी सकाळी आली. फोन मुन्शीने घेतला. ठाण्यात लिखापढी करणाऱ्या हवालदाराला तिकडे मुन्शी म्हणतात. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत, न अडखळता बोलला: एक इसम दर मंगळवारी पाण्यात विष कालवतो, दहाच्या बसने सेक्टर सतराच्या अड्ड्यावर उतरेल, खाकी पिशवीत परदेशी रसायनांच्या पाच कुप्या असतील. नाव विचारताच फोन बंद.

खबर शहराच्या पिण्याच्या पाण्याबद्दलची वाटली, थांबायला वेळ नव्हता. साध्या वेशातली चार माणसं अड्ड्यावर उभी केली. सव्वादहाला तो इसम उतरला. वय पन्नाशीच्या पुढचं, फिकट निळी पगडी, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. नाव सांगणार नाही, सरदारजीच म्हणतो. पिशवी आधी बॉम्बशोधक पथकाने तपासली. आत चार बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पराठे, आणि एका छोट्या बंद पेटीत पाच कुप्या. कुप्यांवरची भाषा इंग्रजीसुद्धा नव्हती.

ठाणेदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "किसने भेजा?"

"सरकार ने, जनाब," सरदारजी म्हणाले. शिपाई हसले. ते हसले नाहीत.

त्यांचं म्हणणं असं होतं: ते सरकारच्या पर्यावरण खात्यात नमुने गोळा करणारे सहायक आहेत आणि नाल्यांचं पाणी तपासणीला आणतात. चंदीगडात दोन राज्यांची सचिवालयं आहेत. खातं कोणत्या राज्याचं ते मुद्दाम सांगत नाही. मी त्यांच्या कार्यालयात फोन लावला. विभागप्रमुख स्वतः फोनवर आले. "हो, आमचाच माणूस आहे," ते म्हणाले, "पण आज त्याला कुठेही पाठवलेलं नाही. तो काय करत होता, मला कल्पना नाही."

ठाणेदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, मामला साफ है. टाडा लावू."

त्या दहशतवादविरोधी कायद्याखाली माणूस अडकला की जामिनाचं नाव काढायला नको, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, जरा थांबा.

सरदारजींना खुर्ची दिली, हातकडी काढायला लावली. त्यांचे डोळे सारखे बाटल्यांकडे जात होते. म्हटलं, "तुम्ही काय करता ते इथेच करून दाखवा."

त्यांनी एक रिकामी बाटली मागितली. ठाण्याच्या नळाखाली हळूहळू, बुडबुडा न येऊ देता, काठोकाठ भरली. पहिल्या कुपीतलं औषध पिचकारीने आत सोडलं, मग दुसऱ्या कुपीतलं. बूच लावून बाटली चार-पाचदा उलटी-सुलटी केली. पाणी तपकिरी झालं आणि गाळ खाली बसू लागला. शिपाई दोन पावलं मागे सरले. नाल्याकाठी हे कुणी दुरून पाहिलं असतं तर विषच वाटलं असतं.

"तपकिरी झालं, म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे जी," ते म्हणाले. "मासा जगेल. किती आहे ते लॅबमध्ये मोजतात."

"आणि ही पांढरी?"

"त्यात काहीच नाही. शून्य." मग म्हणाले, "तो माझ्या पिंडाजवळचा, गावाजवळचा नाला आहे, जनाब. कारखान्यांचं पाणी येतं. आमच्या म्हशी त्यातच बसतात, हँडपंपही काठावरच आहेत."

मग त्यांनी एक विनंती केली. सुटकेची नव्हती. "ह्या बाटल्या दुपारच्या आत लॅबमध्ये गेल्या पाहिजेत, नाहीतर वाया जातील."

पोलिसाच्या नोकरीत माणूस खोटं बोलतोय की नाही हे चेहऱ्यावरून कळतं असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. पण अटकेतला माणूस स्वतःपेक्षा पुराव्याची काळजी करू लागला, की मी थांबून विचार करतो. शिवाय दुसरी एक गोष्ट मला सकाळपासून टोचत होती. रस्त्यावरच्या माणसाने खबर दिली असती तर तो पिशवी म्हणाला असता, फार तर बाटल्या म्हणाला असता. आत कुप्या पाचच आहेत हे ज्याला ठाऊक, त्याने ती पेटी उघडून पाहिलेली असणार.

मी बाटल्या आणि एक शिपाई घेऊन थेट प्रयोगशाळेत गेलो. दोन खोल्या, बंद पडलेला फ्रीज, भिंतीला लागून न उघडलेली परदेशी खोकी. त्यातल्या यंत्रांना लागणारी वीज इमारतीत नव्हती, हे नंतर कळलं. आवारात युरोपातल्या एका देशाने दिलेली जीप उभी होती, पुढची दोन चाकं काढलेली. दुसरी एका मंत्र्याच्या ताफ्यात गेली होती.

रसायनतज्ज्ञ बाई चाळिशीच्या होत्या. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्या एकदम म्हणाल्या, "तुम्ही मराठी का हो साहेब?" त्या अमरावतीच्या. यजमान शहरातल्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर. मी बाटल्या पुढे केल्या. पांढरा गाळ पाहून त्यांनी विचारलं, "सरदारजी कुठे आहेत?"

"माझ्या ठाण्यात."

त्यांनी कपाटातून तपासणीची नोंदवही काढून माझ्यापुढे ठेवली. अकरा ठिकाणं, दर पंधरवड्याची नोंद. मला रसायनशास्त्र येत नाही, पण त्या पानांवर अकरा नाल्यांपुढे एकच आकडा होता. पान उलटलं, तोच आकडा.

"अकरा नाले आणि पाणी सारखंच?"

"हे आपल्या आवारातल्या नळाचं पाणी आहे साहेब."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी बाटलीत येईल ते पाणी मोजते." मग मान खाली घालून म्हणाल्या, "माहीत होतं. सरदारजींचं पाणी मी वेगळं मोजून ठेवते. पण अहवालात ते जात नाही. ह्या कामाला मदत देणाऱ्या देशाचे पाहुणे परवा येताहेत. सरदारजी म्हणाले होते, मी त्यांना माझ्या बाटल्या दाखवणार."

विभागप्रमुख शेजारच्याच कार्यालयात होते. समोर पाहुण्यांच्या कार्यक्रमाचा कागद. मी विचारलं, "सर, पिशवीत कुप्या किती होत्या?"

"पाच," ते म्हणाले. आणि आपण काय बोललो हे त्यांना लगेच कळलं.

मी फोनवर कुप्यांचा उल्लेखच केला नव्हता. अर्थात नमुन्याची पेटी त्यांच्याच खात्याची, ते अंदाजाने सांगू शकले असते. पण त्यांनी तो बचाव केला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोलू लागले. गावांकडे जाणाऱ्या एका बसवर हल्ला झाल्यापासून कुणी कर्मचारी बाहेर जायला तयार नव्हता. कुणाला हुकूम देऊन पाठवायचं आणि तो परत आला नाही तर त्याच्या घरी काय सांगायचं? गाडी नाही, डिझेल नाही. परदेशी मदतीच्या करारात मात्र अकरा ठिकाणांचे नमुने हवेत. नमुने नाहीत असं कळवलं तर मदत थांबणार आणि खातंच बंद पडणार. "पहिल्यांदा नळाचं पाणी भरलं तेव्हा वाटलं, एकदाच. सरदारजीला मी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो पहिल्या बसने जायचा, ऑफिसच्या वेळेत परत यायचा."

"आणि आजची खबर?"

"वाटलं, दोन दिवस तुम्ही बसवून ठेवाल. पाहुणे गेले की सोडाल."

मला राग आला, तो दाबला. म्हटलं, "सर, बाहेर काय चाललंय ते तुम्हालाही माहीत आहे. दोन दिवसांनी सोडतात अशी खात्री तुम्हाला कुणी दिली?"

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने आपलं कार्यालय वाचवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी आपलाच एक माणूस आमच्या तोंडी दिला होता.

पोलिसांना खोटी खबर देणं हा गुन्हा आहे. ठाण्यात परतल्यावर मी सरदारजींना सगळं सांगितलं. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाले. तक्रार द्यायला तयार झाले नाहीत. "साहबांना पकडलंत तर बाटल्या कोण तपासणार, जनाब? मला उद्या एक गाडी द्या. अकराच्या अकरा ठिकाणी जातो."

मी वरिष्ठांना रीतसर अहवाल पाठवला. त्यावर कारवाई झाली नाही. पोलिसांची जीप देणं मात्र माझ्या हातात होतं. शेजारच्या जिल्ह्याला वायरलेसने कळवून दुसऱ्या दिवशी सकाळी एक जीप आणि तीन सशस्त्र शिपाई दिले, रोजनाम्यात तशी नोंद केली. निघताना विभागप्रमुख ठाण्याच्या फाटकाशी उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं. ते सरदारजींच्या समोर गेले. मग गाडीत मागे चढून बसले. सरदारजींनी पिशवी उचलून त्यांच्यासाठी जागा केली.

पाहुण्यांपुढे खरे आकडे ठेवले गेले, जुन्या नोंदी खोट्या होत्या हेही सांगितलं गेलं. बाईंनी मला नंतर कळवलं. विभागप्रमुखांनी स्वतः सांगितलं म्हणे. परिणाम व्हायचा तोच झाला. मदत थांबली. त्यांची बदली एका अडगळीच्या जागी झाली. प्रयोगशाळा वर्षभर कशीबशी चालली. मग मदतीचा नवा करार झाला, त्यात यंत्रं कमी आणि प्रवासाची सोय जास्त होती. सरदारजींच्या गावाला खोल बोअरचं पाणी मिळालं, ते मी तिथून बदलून गेल्यावर. नाला तसाच राहिला असावा.

नवीन अधिकाऱ्यांना शिकवताना मी हे प्रकरण सांगत असे. खोटी खबर वैरी देतो, असं आम्हाला शिकवलेलं होतं. ती घाबरलेला सज्जन माणूसही देतो, आणि त्याच्या आवाजात वैर नसल्यामुळे ती जास्त खरी वाटते. ती ओळखणं हे आमचं काम आहे. त्या दिवशी मी ओळखली, याचं श्रेय घेता येत नाही. विभागप्रमुखांनी खबर देताना मुन्शीला कुप्यांचा आकडा सांगितला नसता, तर मी त्या कागदावर सही केली असती. टाडाचा प्रस्ताव टाइप होऊन माझ्या पुढ्यात आलेला होता.