धोंड्याच्या जेवणाला टर्बो

माझी सासुरवाडी खर्ड्याची आणि मी थोरला जावई. मागच्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला जाताना गावाअलीकडच्या चढावर माझी ऑटोमॅटिक गाडी धापा टाकायला लागली आणि धाकटा साडू हॉर्न वाजवत पुढे गेला. वर भरल्या पंगतीत म्हणाला, "साडूभाऊ, पुढच्या टायमाला मी उतरून धक्का मारतो." सासूबाईसुद्धा हसल्या. मी अनारसा ताटातच ठेवला.

यंदा अधिक महिना जवळ आला तसा नगरला टर्बो किट बसवायला गेलो. मला सगळ्यात मोठा टर्बो हवा होता. मेकॅनिक म्हणाला, "ताकद लई येईल, पन ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स जळंल." रागाला आवर घालून छोटा घेतला.

धोंड्याच्या दिवशी त्याच चढावर साडूची गाडी दिसली. मी पाय दाबला, टर्बोची शिट्टी वाजली आणि हॉर्नवरचा हात न काढता, कडेची धूळ उडवत मी पुढे निघून गेलो.

सासऱ्यांच्या दाराला कुलूप होतं. मी उन्हात ओट्यावर बसलो. थोड्या वेळानं साडूची गाडी आली. मागच्या सीटवरून जामखेडचा बाजार घेतलेल्या सासूबाई पदरानं तोंडावरची धूळ पुसत उतरल्या.

"कोन मेला हुता त्यो हॉर्नवाला?" म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्या गाडीवर गेली.

ओवाळलं आधी साडूला. तो नुसता हसला.

आता अधिक महिना तीन वर्षांनी. तोवर मोठा टर्बो बसवतो. गिअरबॉक्स जळला तर जळला.