चाचांचे चार मिस्त्री

"आवाज काढ," चाचा म्हणायचे, आणि समोरचा शेतकरी भर बाजारात शिवणयंत्र व्हायचा.

थट्टा नाही, खरंच सांगतो. बुलढाण्यात माझं शिलाईचं दुकान होतं आणि समोर चाचांचं, मशीन दुरुस्तीचं. खेड्यातल्या शिंप्याचं मशीन बिघडलं की तो बाजाराला येणाऱ्या कुणाकडून तरी निरोप धाडायचा. निरोप आणणाऱ्याला एवढंच ठाऊक, की मशीन चालत नाही. "काऊन चालत नाई? वाजते कसं? आवाज काढ." फेटेवाला गडी आधी लाजायचा, मग गाल फुगवून खट्‌खट्‌ घर्रर्र करायचा. चाचा डोळे मिटून ऐकत आणि आत हाक मारत, "शटल टाका रे पिशवीत. पट्टा बी राहू द्या."

यातलं निम्मं चुकायचं. एका गड्यानं तर इतकं मन लावून घरघर केली, की चाचांनी मिस्त्रीला खांद्यावर अख्खं चाक देऊन पाठवलं. तिथं शिंप्यानं नुसती सुई उलटी बसवली होती. पण चाचांची चिंता वेगळीच होती. माणूस रिकाम्या हातानं गेला, तर सामानासाठी पुन्हा हेलपाटा. एका वाटेवरच्या गावांचे निरोप ते साठवून ठेवत आणि एकाच मिस्त्रीला त्या वाटेला लावत. असे चार मिस्त्री होते त्यांच्याकडे. मी चिडवायचो, "चाचा, तुम्ही नागपूरला सरकारात पाहिजे होते."

"तिथं सारे सायेबच भेटतीन मले, मास्तर. पाठवू कोणाले?"

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. पिशवी हातात देण्याआधी ते विचारत, "त्या गावात तुहे सोयरे हायेत काय बे?" हो म्हटलं की पिशवी दुसऱ्याला. सोयऱ्यांच्या गावात गेलेला माणूस कामाचा राहत नाही, हे तुम्हा-आम्हाला काही नवीन नाही. पण त्यावर धंदा बेतणारा मी तरी एकच पाहिला.

चौथा मिस्त्री नवा होता. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. दिवाळी तोंडावर असताना उंद्रीचा निरोप आला, तर हा लगेच म्हणाला, "उंद्रीत आपलं कोणीच नाई, चाचा." गेला तो गेलाच. चिखलीकडचे शिंपी निरोपावर निरोप धाडू लागले. शेवटी चाचा दुखरा गुडघा घेऊन बैलगाडीत बसले आणि उंद्री गाठली. पाहतात तर काय, शिंप्याचं मशीन ओट्यावर उघडं पडलेलं, आणि आमचे मिस्त्री नवी टोपी घालून बाजेवर. सासुरवाडी होती! बायको पहिल्या बाळंतपणाला आलेली. पठ्ठ्यानं तिला पाहायला थाप मारली होती, आणि सासऱ्यानं पान्याला हात लावू दिला नव्हता. जावयानं गावच्या शिंप्याच्या दारात तेलकट हात करून बसायचं म्हणजे सासऱ्याची काय शोभा? रोज नव्या भाऊबंदाकडे जेवण.

चाचांनी मुकाट्यानं मशीन स्वतः जोडलं. सासऱ्याला कळलं की हे जावयाचे मालक. झालं, त्यांनाही पुरणपोळीला बसवलं. परत आले तेव्हा मला वाटलं, आता याला हाकलतात. चाचा म्हणाले, "हाकलतो काय! लय तूप वाढलं मास्तर, शिव्या याद नाई राह्यल्या."

पण पावसाळा लागला तशी या चौथ्याची खरी कसोटी आली. पेरणी झाली की कोण कपडे शिवतं? चार माणसांना काम नाही, आणि नव्याच्या घरी तान्हं पोर. बाजारात सगळे म्हणायचे, चौथ्याला आता सुट्टी. तो रोज सकाळी चाचांच्या तोंडाकडे पाहत दुकानात यायचा, आणि मला समोरून ते बघवत नसे. चाचा म्हणायचे, "पावसाळ्यात सोडलेला मिस्त्री दिवाळीले सापडत नाई." पण ठेवायचं कसं, हे त्यांनाही उमगत नव्हतं.

मग एका बाजारी त्यांनी चौघांना बोलावलं आणि स्वतःचाच नियम उलटा केला. ज्यानं त्यानं आपापल्या सासुरवाडीला जायचं, तिथली आणि आसपासची मशीनं बिघडायच्या आधीच खोलून, तेल घालून ठेवायची. दिवाळीचे हेलपाटे तेवढेच कमी. "अन् सासरा हात लावू देत नसन तं?" नव्यानं विचारलं. "म्हणा, खाऊन खाऊन अंग जड झालं. थोडं हलवून येतो." जेवण सासऱ्याचं, तेल चाचांचं! त्या वर्षी चौथा सुटला नाही. पुढं कित्येक पावसाळे असेच गेले. चाचांची बीबी केव्हाच वारली होती, पण तेही आपल्या सासुरवाडीला, देऊळघाटला, तेलाची कुपी घेऊन जात. मेहुणा अजून त्यांना दुल्हाभाईच म्हणायचा.

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि विलायती सुया, शटल यायचं थांबलं. मलकापूरला आगगाडी यायची, पार्सल यायचं नाही. पाच पोटं त्या दुकानावर चालेनात. पुन्हा सगळ्यांचे डोळे चौथ्याकडे. एके दुपारी चाचा माझ्या दुकानात येऊन बसले.

"एक माणूस कमी करून राह्यलो, मास्तर."

"उंद्रीवाला?" मी विचारलं.

"नाई. म्हातारा हाये एक. गुडघा धड नाई, आवाज ऐकून अर्धे अंदाज चुकवते." मग हसले. "मेव्हण्याच्या शेतात राखणीले माणूस पाह्यजे हाये."

 मी हातातली कात्री खाली ठेवली.

त्यानंतर ते बाजाराला यायचे ते देऊळघाटहून, भाजी घेऊन. माझ्या पायरीवर बसत. समोरून मिस्त्री हाका मारत, "चाचा, आत या ना." ते हात हलवून नको म्हणत. मी रागावलो एकदा, "अहो, दुकान तुमचंच आहे."

"आत गेलो तं हुकूम सोडीन, मास्तर. मंग पुन्हा पाच होतात."

एका बाजारी मेहुणा एकटाच आला, भाजी न घेता. माझ्या पायरीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "दुल्हाभाई गेले." मी कापड तसंच टाकून समोर गेलो आणि मिस्त्र्यांना सांगितलं.

देऊळघाटला मोठा जमाव होता. आसपासच्या गावांचे शिंपी होते, उंद्रीचा सासराही काठी टेकत आला होता. जनाजा उचलायची वेळ आली तेव्हा मेहुण्यानं घरच्या माणसांना हातानं थांबवलं आणि आधी मिस्त्र्यांना पुढं बोलावलं. चौघांनी खांदा दिला. चौथा पुढच्या बाजूला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. चौघेही होते, एकही कमी नव्हता.