अँटेनावरची गुढी

गुरुलिंग अप्पा वायरलेसच्या खांबाच्या बुडाशी बसून आंघोळ करीत. कारखान्याच्या आवारात न्हाणीघर होते, त्याला दारही होते. तरी रोज सकाळी सहा वाजता, एक बादली आणि एक तांब्या घेऊन, गळ्यातले लिंग सांभाळीत अप्पा त्या लोखंडी खांबाशेजारच्या दगडावर बसत. मी शेतकी अधिकारी होतो. आवारात शिस्त असावी असे माझे मत होते, आजही आहे. मी कारण विचारले.

"साहेब, खांबाची अर्थिंग हितं खाली हाय," अप्पा म्हणाले. "कोळसा-मीठ घालून पुरलीय. तिला वल लागती. वीज पडली तर जमिनीत जायाला वाट पायजे. औंदा मानसाला प्यायला पानी न्हाई, खांबाला कोन देनार? म्हून माझंच देतो."

"अप्पा, आभाळात ढगच न्हाई, वीज कुठून येतीय?" पहारेकरी हसला.

"ढग येताना तुला इचारून येनार हाय का बे?" अप्पांनी शेवटचा तांब्या डोक्यावर ओतला.

अप्पा मूळचे केजचे. घरचे किराणा दुकान. तिन्ही भाऊ तराजू धरून बसलेले. अप्पा मात्र सैन्यात बिनतारी संदेशाचे काम शिकले आणि परतल्यावर आमच्या सहकारी साखर कारखान्यात वायरलेस मिस्त्री झाले. ऊसतोडीच्या गटांना आणि गाड्यांना सेट बसवणे हे त्यांचे काम. त्यांचे नियम थोडे होते आणि ते सर्वांना सारखेच ऐकवले जात. "सेट म्हागाचा घिऊन काय करता? अँटेना उंच लावा. खड्ड्यात बसून वरडल्यावर कोन ऐकतं?" केबल सेटकडे नेताना ते खाली एक झोल ठेवीत, पावसाचे पाणी झोलावरून टपकून जाते, सेटमध्ये उतरत नाही. दुष्काळातही तो झोल त्यांनी कधी चुकवला नाही. एका संचालकांना आपल्या जीपची अँटेना पुढे, लोकांना दिसेल अशी हवी होती. अप्पांनी ती टपाच्या मधोमध बसवली. "मालक, ह्यो नवरदेवाचा तुरा न्हाई. चहूकडं सारखं बोलायचं तर मधी बसावं लागतंय." संचालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी शेतात ऊस नव्हता. गाळप बंद होते. कारखान्याने जनावरांच्या छावण्या चालवायला घेतल्या. ऊसगाड्यांवरचे सेट उतरवून अप्पांनी टँकरांवर आणि छावण्यांवर चढवले. टँकर कमी, छावण्या जास्त. म्हणून मी नियम केला: सकाळी सात वाजता ज्या छावणीचा सेट बोलेल, तिलाच टँकर.

पाडव्याच्या सकाळी डोंगरातल्या एका वाडीचा सेट बोलला नाही. मी तिच्या नावापुढे फुली मारली.

"साहेब, सेट गप्प हाय म्हंजी जनावरं गप्प न्हाईत," अप्पा म्हणाले. "एक टँकर तिकडं सोडा."

"नियम सर्वांना सारखा आहे."

"मग बसा माझ्या फटफटीवर. नियम डोळ्यानं बघून यिऊ."

मी उन्हासाठी छत्री घेतली आणि बसलो. दुपारी बारा वाजता वाडीत पोचलो. कारण लांबूनच दिसले. पहाटे गावातल्या तरुणांनी ताणाच्या तारा सोडून वायरलेसचा खांब आडवा केला होता, त्याच्या टोकाला जरीचे लुगडे, कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधली होती, अँटेनावर तांब्या पालथा घातला होता आणि खांब पुन्हा उभा केला होता. तांब्याखाली अँटेना मुकी झाली होती. छावणीच्या कारकुनाचा घसा ओरडून बसला होता. दावणीला तीनशे जनावरे होती आणि हौद कोरडा होता. शेवटचा टँकर दीड वाजता विहिरीवरून निघे. तोवर निरोप पोचला नाही तर जनावरांना दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नव्हते.

मी गुढी उतरवण्यास सांगितले. ज्यांचे लुगडे वर होते त्या सरूबाई खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. वय सत्तरीचे असावे.

"गुढी दिस मावळतीला उतरत असती, भर दुपारी न्हाई. ह्यो खांब आल्यापसून गावात टँकर येतोय. मान त्याचाच."

"आज त्या मानामुळेच टँकर आला नाही," मी म्हणालो.

"तुमी सोडला न्हाई म्हून आला न्हाई."

अप्पा वर पाहत होते. "तारांना ताण मातर ब्येस दिलाय पोरांनी," ते म्हणाले. "आजी, नका उतरवू. आमी दुसरी गुढी उभारतो. साहेब, छत्री द्या."

"कशाला?"

"औंदा पाऊस न्हाई. का म्हून मिरवता?"

त्यांनी माझ्यादेखत छत्रीचे कापड फाडले आणि पाच काड्या तोडून प्रत्येक काडी आपल्या हातावर मोजून कापली. "हातभर. कमी न्हाई, जास्त न्हाई. आपल्या सेटचं माप हेच." पिशवीतल्या जादा केबलच्या टोकाला एक काडी उभी आणि चार काड्या भोवती खाली कललेल्या, अशा त्यांनी बसवल्या, चुलीत तापवलेल्या सळईने कथलाचे डाग दिले. हे सर्व एका बांबूवर बांधले. वाडीत सर्वांत उंच महादेवाचे देऊळ होते. त्याच्या छपरावर चढून बांबू धरण्याचे काम मला देण्यात आले.

कारकून बटण दाबायला धावला. अप्पांनी त्याचे मनगट धरले. "आधी ऐक. मग दाब."

सेट खरखरला आणि एका टँकरवाल्याचा आवाज आला: "...माझ्या वाट्याच्या पोळ्या झाकून ठिवा म्हनावं, निघालोच मी."

"पोळ्या हितं खा बाबा," अप्पा बटण दाबून म्हणाले, "आन् येताना टँकर भरून आन."

तीन वाजता हौद भरला. सरूबाईंनी छत्रीच्या काड्यांना कुंकू लावले आणि कडुनिंब-गुळाची गोळी माझ्या हातावर ठेवली. "खा साहेब. गुळाची गरज हाय तुमाला." अप्पा इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावे लागले. मी गोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला: ज्या छावणीचा सेट बोलणार नाही, पहिला टँकर तिला. अप्पांनी कागद दोनदा वाचला. "आता बसलात टपाच्या मधी," ते म्हणाले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर नवी छत्री आणून ठेवली.

निवृत्तीनंतर अप्पा केजला राहिले. दर रविवारी सकाळी सात वाजता त्यांचा फोन येई. "ऐकू येतंय का, साहेब?" असे विचारून ते थांबत, माझे बोलणे झाल्यावरच स्वतःचे सुरू करीत. एका रविवारी फोन आला नाही. साडेसातच्या एसटीने मी निघालो. अप्पा अंथरुणावर होते. मला पाहून त्यांचे डोळे हसले.

"नियम पाळला म्हना की."

"पहिला टँकर," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ते गेले. लिंगायतांत मृताला बसवून मातीत समाधी देतात. माती लोटून झाल्यावर मी तांब्याभर पाणी मागून घेतले आणि त्या जागेवर सावकाश ओतले. त्यांच्या धाकट्या भावाने विचारले, हे कशासाठी.

"वल लागती," मी म्हणालो.