कपाळ हाताकडे

भोरला राजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी उत्रोलीत नवी सून होते. नदीवर रोज एक बाई भेटायची, लोकांचं भात कांडून पोट भरणारी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

मुसळ उचलताना तिच्या उजव्या खांद्यातलं काहीतरी तुटलं होतं. हाडवैद्यानं चाचपून सांगितलं, "हाड जाग्यावर हाय." झालं! घरच्यांनी तिला ढोंगी ठरवून टाकलं. हात दिसायला धडधाकट, पण वर न्यायला गेली की अर्ध्यातच गळून पडायचा. रात्री त्या कुशीवर निजताही यायचं नाही. तरी सकाळी तिला कांडायला धाडायचेच. ती डाव्या हातानं कांडायची.

कुंकू मात्र डाव्या हातानं लावत नाहीत. म्हणून आंघोळ झाली की ती डाव्या हातानं उजवं कोपर उचलायची. बोट हनुवटीपर्यंत आलं की कळ मस्तकात जायची. मग ती मान वाकवून कपाळच बोटाशी न्यायची.

एकदा मी म्हटलं, "मी लावू का?"

"नगं बाई. येवढं तरी माज्या हातानं व्हतंय."

पुढच्या सुगीत ती दिसली ती पांढऱ्या कपाळानं. नवरा गेला होता. तिनं तोंड धुतलं. सवयीनं डावा हात उजव्या कोपराखाली गेला, मान वाकली आणि तशीच थांबली. मग हात सोडून देत ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आता वाकायचं बी काम न्हाई."