आत्याबाईंच्या घशातलं वाक्य

मामा जनावरं घेऊन छावणीत गेले आणि आत्याबाईंचा घास अडकायला लागला. मामा म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई. आधी वाटलं, भाकरी कोरडी लागत असेल. मी कालवण पातळ केलं, मग भाकरी दुधात कुस्करून दिली. त्या घास तोंडात फिरवत बसायच्या, डोळ्यांत पाणी यायचं आणि शेवटी पदराआड काढून टाकायच्या. बघता बघता नुसत्या चहावर आणि कण्यांच्या पेजेवर आल्या. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या.

दुष्काळाचं साल होतं. बीड जिल्ह्यात, लिंबागणेशच्या अलीकडे आमचं गाव. विहिरी तळाला गेलेल्या, पाणी टँकरचं. घरचा कडबा संपला तेव्हा मांजरसुंब्याच्या बाजूला जनावरांची चारा छावणी उघडली होती, तिथं मामांनी म्हशी, बैलजोडी आणि एक गाभण गाय नेली. जनावरांजवळ माणूस लागतंच. तट्ट्याचं खोपट करून ते तिथंच राहायला लागले.

मामा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दारूला स्पर्श नाही, तोंडात शिवी नाही, बायकोवर हात उचललेला कुणी पाहिला नाही. गावातल्या भांडणात त्यांचा शब्द चालायचा. माझ्याशीही ते नीट वागायचे. सून शिकलेली आहे म्हणून सोसायटीत दुधाचं फॅट तपासायच्या कामावर त्यांनीच मला बसवलं होतं, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता.

आत्याबाईंना बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिली. म्हणाले, घसा साफ आहे. काळजीनं असं होतं कधी कधी. आम्हाला पटलं. लग्न झाल्यापासून नवरा पहिल्यांदाच इतके दिवस घराबाहेर होता, तोही त्या उन्हात, खोपटात. काळजी वाटणारच. माझा नवरा सोसायटीची दुधाची गाडी चालवायचा. तो एकदा म्हणाला, "आई, बाबाला दोन-चार दिवस बोलावून घेऊ का? मी थांबतो छावणीत."

"नगं," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या घाईनं म्हणाल्या की हातातली चहाची बशी हिंदकळली. त्यांना उगाच त्रास नको म्हणून म्हणत असतील, असं आम्ही धरून चाललो.

त्याच दिवसांत अंबाजोगाईच्या एका संस्थेकडून एक बाई गावोगाव फिरत होत्या. दुष्काळानं बायकांच्या मनावर ताण येतो, तो हलका करायची काहीतरी रीत शिकवायच्या. दूध कमी झालं होतं, सोसायटीचा हॉल दुपारभर मोकळाच असायचा, म्हणून बैठक तिथं ठेवली. मोकळ्या कॅनच्या रांगेसमोर सतरंजी टाकून आम्ही बसलो. मी आत्याबाईंना हाताला धरून आणलं होतं. खरं सांगायचं तर मला त्या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. पण दवाखाना झाला होता, अंगारा झाला होता, आता आणखी काय करायचं हे सुचत नव्हतं.

बाईंनी रीत दाखवली. आधी तळहाताच्या कडेवर, करंगळीच्या खाली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी टकटक करायचं आणि आपलं दुखणं एका वाक्यात बोलायचं. मग भुवईपाशी, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याच्या हाडाजवळ, काखेखाली असं टकटक करत खाली यायचं आणि तोंडानं ते दुखणं पुन्हा पुन्हा म्हणायचं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या.

"हसा खुशाल," बाई म्हणाल्या. "बोटं थोडी इकडंतिकडं पडली तरी चालतंय. वाक्य मात्र चुकून चालत नाही. दुसऱ्याचं वाक्य आपल्या दुखण्याला लागत नाही."

मी आत्याबाईंचं सगळं सांगितलं आणि वाक्यही मीच जुळवून दिलं. 'जरी मला मालकांची काळजी वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते.' आत्याबाई शाळेतल्या पोरीसारख्या माझ्यामागून म्हणत गेल्या, टकटक करत गेल्या. झाल्यावर बाईंनी त्यांना पाणी दिलं. घोट घेतला आणि जोराचा ठसका लागला. पाणी लुगड्यावर सांडलं.

"हे वाक्य कुणाचं?" बाईंनी मला विचारलं.

"माझं."

"मग ते तुमच्या घशाला उपयोगी पडेल." बायका हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या आत्याबाईंच्या समोर सरकून बसल्या. "आई, तुम्ही सांगा. मालक छावणीत गेले त्या दिवशी काय झालं?"

"काय होनार? टेम्पो वळला. मी दार लोटलं."

"मग?"

"मग भाकरी केली. आधी मीच खाल्ली. तव्यावरची. गरम." आत्याबाई थांबल्या. त्यांचा हात आपोआप तळहाताच्या कडेवर टकटक करत होता. "लई बरं वाटलं."

"मग?"

"मग मनात आलं, आता हे परत न्हाई आले तर बरं."

मला पहिल्यांदा वाटलं, मी चुकीचं ऐकलं. शेजारच्या बाईकडे पाहिलं, तर तिचा तोंडावरचा पदर तसाच धरलेला राहिला होता. मग मागं बसलेली एक म्हातारी "शिव शिव शिव" म्हणत उठली, चपला हातात घेऊन तरातरा निघून गेली. दारात कुणी पुरुष उभा आहे का हे पाहायला मी वळले, आणि पुन्हा आत्याबाईंकडे पाहायचं धाडसच होईना. ही बाई कोण? माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेली, मामांची चप्पल उंबऱ्यावर वाजली की पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहणारी. तिच्या तोंडून हे?

बाईंनाही अपेक्षा नसावी. त्यांची बोटं गळ्याच्या हाडावर थांबली होती. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "चला, हेच म्हणू. जरी ते परत येऊ नयेत असं मला वाटत असलं..."

"न्हाई," आत्याबाईंनी त्यांना तोडलं. "वाटत न्हाई. मनात आलं. एकदा आलं."

"बरोबर. चुकलं माझं. जरी ते परत न्हाई आले तर बरं, असं एकदा माझ्या मनात आलं, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते."

"त्ये कसं म्हनू? स्वीकारते म्हंजी काय करते?"

"मग तुम्ही काय म्हणाल?"

आम्ही सगळ्या आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होतो.

"तरी मी मानूसच हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ते अख्खं वाक्य म्हटलं, भुवईपासून काखेपर्यंत टकटक करत. पहिल्या खेपेला आवाज फाटला. दुसऱ्या खेपेला अर्ध्यातच रडू फुटलं, आणि रडतानाही त्या टकटक करत राहिल्या. पुढं पुढं आवाज साधा होत गेला, एखादी झालेली गोष्ट सांगावी तसा. मग त्यांनी स्वतःच पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या प्यायल्या. घशाची घाटी खालीवर होताना मला दिसत होती. प्यायल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भूक लागली गं."

बैठकीसाठी गूळ-शेंगदाणे आणले होते. त्यांनी मूठभर खाल्ले, चावून चावून. मी पाहत राहिले. बोटांनी झालं, वाक्यानं झालं, की नुसतं मनातलं बाहेर पडल्यानं, हे मला आजही सांगता येत नाही. माझं वाक्य तिथं उपयोगी पडलं नाही आणि त्यांचं पडलं, एवढं मात्र समोर घडलं.

घरी येताना त्याच म्हणाल्या, "तुला वाईट वाटलं का?"

"वाईट नाही आत्याबाई. धक्का बसला."

"मला बी," त्या म्हणाल्या.

बाईंनी निघताना सगळ्यांकडून वचन घेतलं होतं की इथलं बोलणं इथंच ठेवायचं. पण गोष्ट चालत छावणीपर्यंत गेली, आणि चालता चालता तिचे शब्द बदलले. एका दुपारी मामा अचानक दुधाच्या गाडीतून उतरले. दाढी वाढलेली, उन्हानं काळे ठिक्कर पडलेले. पायातल्या चपलांसकट ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी परातीत पीठ चाळत होते. आत्याबाई चुलीपाशी होत्या.

"मी मेलो तर बरं, असं म्हनलीस तू? सोसायटीत, धा बायात?"

माझ्या हातातली चाळण थांबली. आता आत्याबाई 'न्हाई' म्हणतील, मी 'लोकांचं काय ऐकता मामा' म्हणेन, आणि सगळं झाकून जाईल, असं मी मनात जुळवून टाकलं.

"मेले तर, असं न्हाई म्हनले," आत्याबाई म्हणाल्या. "परत न्हाई आले तर बरं, असं एकदा मनात आलं. असं म्हनले."

तेच वाक्य. एकही शब्द इकडचा तिकडं नाही. मामांच्या कपाळाची शीर मला दिसत होती. ते ओरडतील, काहीतरी फेकतील, असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "कावून?"

"तुमी मारलं न्हाई. शिवी दिली न्हाई. पर जेवताना बोलायचे. लगीन झाल्यापून, रोज. ह्याला चव न्हाई, तुला अक्कल न्हाई, युसूफ वडगावच्यांनी हेच शिकवून धाडलं का. तुमचं झालं की त्याच ताटात मी बसायची. तुमचं बोलनं माज्या घासासंगं खाली जायचं. त्या दिशी पयल्यांदा मी नुसती भाकरी खाल्ली."

युसूफ वडगाव त्यांचं माहेर. मामांनी माझ्याकडे पाहिलं. असं गोंधळलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हनायचो का गं मी असं?"

"हो, मामा."

हे म्हणताना माझं मलाच दचकायला झालं. कारण मीही ते रोज ऐकत आले होते. बाहेर म्हैस ओरडावी, गिरणीचा पट्टा फिरावा, तसा तो मला घरातला एक आवाज वाटायचा. त्यातला एकेक शब्द कुणाच्या तरी पोटात जातोय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मामा उंबऱ्यावर बसले. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग उठले, गाडीत बसले आणि छावणीकडे परत गेले. आत्याबाईंनी त्यांना थांबवलं नाही. संध्याकाळी त्या भाकरी-कालवण पोटभर जेवल्या. त्या दिवशी घास उतरला नाही तो माझा.

पाऊस झाला, रानात गवत आलं, छावणी मोडली. मामा जनावरं घेऊन घरी आले. गाय तिथंच व्यायली होती, वासरू खांद्यावर टाकून आणलं. घरात आले ते मुके होऊन. ताट घेऊन ओसरीवर जायचे, खाली मान घालून जेवायचे, ताट स्वतः विसळून ठेवायचे. चेअरमन माणूस ताट विसळतोय हे बघून शेजारपाजारचे थबकायचे. मला वाटलं, आता कायमचं हे असंच. या घराची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

एके दिवशी आत्याबाईच कंबरेवर हात ठेवून ओसरीत जाऊन उभ्या राहिल्या.

"मुकं झाल्यावानी कावून बसता? मीठ कमी आसंल तर मीठ कमी हाय म्हना. तेवढंच म्हना. त्याच्या फुडं जाऊ नका."

मामांनी वर पाहिलं. तोंडातला घास गिळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

आत्याबाईंनी मीठ आणून दिलं. त्यानंतर ते आत येऊन जेवायला लागले, आणि आत्याबाई त्यांच्या बरोबरीनं, स्वतःच्या ताटात. मामा कधी कधी सवयीनं पुढं जायला बघायचे, 'तुला' पर्यंत यायचे आणि थांबायचे. आत्याबाई हात थांबवून वाट पाहायच्या. मग ते आमटीचं काय असेल ते बोलायचे. माफी मागितलेली मी ऐकली नाही. आत्याबाईंचा घसा पुन्हा अडकला नाही.

काही महिन्यांनी सोसायटीत सकाळचं दूध घालून लोक गेले होते. मी फॅट तपासायच्या काचेच्या नळ्या धूत होते. मामा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू का? माज्या पोराबद्दल आलं का कधी असं तुज्या मनात?"

हातातली नळी निसटून फरशीवर फुटली. सासरा सुनेला असं काही विचारतो, हे मी कुठं ऐकलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं, पण ते माझ्याकडे असे बघत होते की जमलं नाही.

"आलंय मामा," मी म्हणाले. "रागात. जेवताना नाही."

त्यांनी मान हलवली. "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. बाहीरून आलं की शब्द मोडून येतंय."

ते उठले आणि काचा गोळा करायला लागले. मी नवऱ्याला त्या दिवशी काही सांगितलं नाही, त्या महिन्यातही नाही. मला ते वाक्य नीट जुळवायलाच पुष्कळ दिवस लागले.