शेजाऱ्याने वाचायची वही

सुलभाताईंच्या लेखनवर्गाला मी गेलो तो लेखक व्हायला नव्हे, मुलीने पिच्छा पुरवला म्हणून. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालो होतो, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मंजिरीने परस्पर माझं नाव घातलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत ताईंनी वही हातात देत विचारलं, "कशाविषयी लिहाल?" मी म्हटलं, "मशीनविषयी." "लिहा की," त्या म्हणाल्या. चार महिने मी मशीनविषयीच लिहिलं आणि ताईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. वर्गातल्या इतरांविषयी तसं म्हणता येणार नाही.

ताईंच्या वर्गात आपलं लिखाण आपण वाचायचं नसतं. शेजाऱ्याने मोठ्याने वाचायचं, आपण ऐकायचं. 'छान' म्हणायला सक्त बंदी. वाचणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर आपण पुढच्या शनिवारी लिहून आणायचं. आपल्या तोंडून थापा सहज खपतात, दुसऱ्याने वाचल्या की आपल्यालाच खुपतात, असं ताईंचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात मी पत्नीच्या अखेरच्या दिवसाविषयी लिहिलं. ती इस्पितळात, उशाशी कॉलेजात शिकणारी मंजिरी एकटी आणि मी दुसऱ्या पाळीला कामावर. 'रजा मिळाली नाही,' असं लिहिलं होतं. मंजिरीलाही इतकी वर्षं हेच सांगत आलो होतो. त्या शनिवारी वर्गात माझ्या शेजारी बसणारे देशमुख आले नव्हते, म्हणून ताई स्वतः येऊन बसल्या. त्यांनी सावकाश वाचलं, वही मिटली आणि हळूच विचारलं, "रजा मागितली होतीत का?"

पुढचे दोन शनिवार मी गेलोच नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखरा गुडघा सांभाळत ताई कल्याणहून रिक्षा करून मोहन्याला माझ्या दारात हजर. त्यांनी तो विषयही काढला नाही. चहा घेतला, साचलेल्या भांड्यांवरून मला झापलं आणि निघताना म्हणाल्या, "देशमुखांना तुमच्या मशीनची सवय लागलीय. या शनिवारी."

त्या गेल्यावर लगेच लिहायला बसलो. रजा मी मागितलीच नव्हती. तिला तशा अवस्थेत बघायची भीती वाटली, म्हणून कामावर पळालो आणि मुलीला तिथे एकटीला ठेवलं. शनिवारी ताईंनी ते पान मनातल्या मनात वाचलं, वर्गात कुणाला दिलं नाही. "हे वाचणारी वेगळी आहे," एवढंच म्हणाल्या.

मंजिरीला वही दिली. वर्गाची रीत तिला मी सांगितलेली होती, तशी ती माझ्या शेजारी बसून मोठ्याने वाचू लागली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तिने वही मिटली. मला वाटलं, आता उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही काही खाल्लेलंत का?"

आम्ही दोघंही पहिल्यांदाच एकत्र रडलो.

ताईंनी किती जणांना लिहितं केलं, हे त्यांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या अंकात इतर मंडळी सांगतीलच. मला माझी मुलगी परत मिळाली, एवढं मी सांगतो. पंचाहत्तराव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांचा गुडघा त्यांना दर शनिवारी तो जिना बिनतक्रार चढू देवो.

सत्काराच्या दिवशी हा लेख मी वाचणार नाही. माझ्या शेजारी बसून मंजिरी वाचेल. ताई, 'छान' म्हणू नका. तुमचा प्रश्न विचारा. आता मी शनिवार चुकवत नाही.